पेट्रोलची जाहिरात बघून कोण टाकी फुल करतं?

खरंच सांगा, कुणी केलीय? काटा खाली आला की समोर दिसेल त्या पंपावर आपण गाडी वळवतो. मग तेल कंपन्या एवढा पैसा कशावर ओततात? आणि तेल, कोळसा, वायू या खनिज इंधनांच्या जाहिरातींवर बंदी घालावी का?

२०२२ ची आयपीएल आठवा. सर्वाधिक धावांची ऑरेंज कॅप आणि तिच्या जोडीला नाव अरामकोचं. सौदीची ही कंपनी आपल्या रिफायनऱ्यांना कच्चं तेल विकते. तुम्ही-आम्ही तिच्या दारात कधी जाणार नाही. तरी तिला आपल्या हॉलमधल्या टीव्हीवर यायचंय, कारण तिला आपल्याकडून गिऱ्हाइकी नको, सलगी हवीय. उद्या तेलावर कडक नियम करायची वेळ आली की हीच सलगी कामाला येते.

म्हणून माझं मत: बंदी घालायचीच तर आधी प्रायोजकत्वावर घाला.

नेदरलँड्समधल्या द हेग शहराने १ जानेवारी २०२५ पासून खनिज इंधनं, पेट्रोल-डिझेल गाड्या, विमानप्रवास आणि क्रूझ यांच्या जाहिराती रस्त्यावरून हटवल्या. पर्यटनवाले कोर्टात गेले आणि हरले. फ्रान्सनेही २०२२ मध्ये खनिज इंधनांच्या जाहिरातींवर बंदी आणली, पण तेव्हा नैसर्गिक वायू वगळला आणि प्रायोजकत्वाला हातच लावला नाही. दार बंद, खिडकी सताड उघडी!

हेगचा नियम जसाच्या तसा इथे आणा, असं मी म्हणणार नाही. चुलीपुढे डोळे चोळत भाकरी थापणाऱ्या बाईला सिलिंडर कसा मिळेल, हे सांगणारा फलकही मग खनिज इंधनाचीच जाहिरात ठरेल. तो काढून कुणाचं भलं होणार?

'क्रिकेटला पैसा कोण देणार?' हा प्रश्न येणारच. १९९६ चा वर्ल्ड कप 'विल्स'चा होता, आपल्या संघाच्या छातीवरही विल्सच. सिगारेट कंपनी! २००३ च्या कायद्याने तंबाखूची जाहिरात आणि प्रायोजकत्व बंद झालं. क्रिकेट भिकेला लागलं का?

हां, पळवाट मात्र निघाली. गुटख्याची नावं वेलची विकायला लागली. तेल-कोळशातही तेच होणार. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये २०२४ पासून ऊर्जेवरच्या दालनाला अदानी ग्रीन एनर्जीचं नाव आहे. कंपनी सौरऊर्जेची, पण हाच समूह ऑस्ट्रेलियात कोळसा खणतो. त्यामुळे नियम कंपनीपुरता नको, समूहाला लागू हवा.

खरी गोची वेगळीच आहे. इंडियन ऑइल सरकारी, भारत पेट्रोलियम सरकारी. स्वतःच्याच दुकानाची पाटी कोण उतरवणार? पण याच सरकारच्या पीसीआरएने, म्हणजे इंधन वाचवा सांगणाऱ्या संस्थेने, एकेकाळी टीव्हीवर एक झकास जाहिरात दाखवली होती. बाप सिग्नलला गाडी चालू ठेवून बसलाय आणि पोरगा म्हणतो, मोठा होऊन मी सायकल दुरुस्तीचं दुकान काढणार, कारण तोवर पेट्रोल संपलेलं असेल. बंदी जमत नसेल तर निदान ती तरी पुन्हा लावा. खर्च पंपावरच्या हसऱ्या फलकांच्या बजेटमधून काढा.