‘लेझर करूनही बाबांना दिसत नाही’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

तुमच्या बाबांच्या फाइलमधलं इथे चारचौघांत काही लिहिणार नाही. तुम्ही स्वतः जे लिहिलंय, तेवढ्यावरच बोलतो. बाबांच्या मधुमेही डोळ्यांच्या लेझरला पैसे भरले, नजर सुधारली नाही, आता वर डोळ्यात इंजेक्शनं सांगतात; शेजारच्या काकांना मात्र मोतीबिंदू काढल्यावर दुसऱ्याच दिवशी लख्ख दिसलं. म्हणजे इथे नुसती बिलं वाढवतात, असं तुमचं म्हणणं.

मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं. मागचा पडदा (रेटिना) शाबूत असेल तर भिंग बदललं की काम झालं. मधुमेहात पडदाच खराब होतो. त्याला रक्त कमी पडलं की नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात. त्यांतून डोळ्यात रक्त उतरतं, पुढे पडदा ओढला जाऊन सुटतोही. ते टाळायला पडद्याच्या कडेला लेझरचे चटके देतात. उरलेली नजर टिकावी एवढ्यासाठीच. त्यानं नजर वाढत नाही, उलट रात्री थोडं कमी दिसू शकतं. आमच्या संमतीपत्रात हे मराठीत छापलंय आणि सहीआधी वाचूनही दाखवतात.

इंजेक्शन वेगळ्या कारणासाठी. पडद्याच्या मध्यावर पाणी झिरपून सूज येते, वाचताना ओळी वाकड्या दिसतात. ती सूज उतरली तर नजर सुधारू शकते. पण एका इंजेक्शनात भागत नाही. सुरुवातीला दर महिन्याला, मग ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन) बघून अंतर वाढवायचं. खर्च जड जातो, मान्य. या इंजेक्शनांत बेव्हॅसिझुमॅब सगळ्यांत स्वस्त, मूळचं कॅन्सरचं औषध. नजर फार उतरली नसेल तर ते महागड्या औषधांच्या तोडीचं ठरतं, असं अमेरिकेतल्या २०१५ च्या अभ्यासात दिसलं. नजर बरीच खालावली असेल तर महागड्यांपैकी अफ्लिबरसेप्ट सरस. तेव्हा स्वस्त पर्याय जरूर विचारा.

दोन तास बसवल्याचं म्हणाल, तर मधुमेही डोळ्याची बाहुली लवकर मोठी होत नाही, थेंब पुन्हा पुन्हा घालावे लागतात. अर्धवट उघडलेल्या बाहुलीतून पडद्याच्या कडा बघण्याची घाई मी करत नाही, मग कुणी एक तारा देवो. (चहा बिनसाखरेचा का, ही तक्रारही वाचली. तो तसाच राहील.)

पैसे परत मिळणार नाहीत. काउंटरवर फोटो आणि ओसीटीच्या प्रती मागा, दुसऱ्या पडदातज्ज्ञांना खुशाल दाखवा. फक्त उपचार अर्धवट सोडून बाबांना घरी बसवू नका.

आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की तुम्हालाही शुगर निघाली आहे, ‘पण मला व्यवस्थित दिसतं’. सुरुवातीला सगळ्यांनाच व्यवस्थित दिसतं. पडदा तपासून घ्या, आमच्याकडे नको असेल तर दुसरीकडे, पण याच महिन्यात.