चुना, सिमेंट आणि ‘एसीतले सल्ले’

“एसीत बसून चुन्याचे सल्ले देणं सोपं आहे. सिमेंटनं दोन दिवसांत दर्जा भरून होतात. पडक्या वाड्यात वाचनालय परवडणार कसं, आणि गाड्या कुठं लावणार?” पडक्या वाड्याच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या सांधी, चुन्यानं भरून तिथं वाचनालय करावं, या माझ्या लेखावरची ही तुमची निनावी प्रतिक्रिया.

मतभेद असूद्यात, पण एसी कुठून आला मध्येच? तोंडावर बोलायची आपली कोल्हापुरी रीत मला मान्य आहे, फक्त तोंडावर बोलणारा आपलं नाव सांगतो. निम्मं आयुष्य घाणीत मळलेल्या चुन्याच्या मालात गेलेल्या माणसाला हे ऐकवताना जरा विचार करायचा होता.

चुन्याला वेळ लागतो, हे कबूल. कळीचा (भाजलेला) चुना पाण्यात विरवायचा, चाळायचा, निदान पंधरवडा पाण्याखाली ठेवायचा. मग एक भाग चुन्याला दीड भाग सुरखी (विटांची भुकटी), दीड भाग वाळू. दर्जा २० ते २५ मिलिमीटर खोल उकरायच्या, धूळ काढायची, भिंत भिजवायची. भरल्यावर आठवडाभर तरी ओलं गोणपाट. उन्हात उघडं सोडलंत तर तडे जातात आणि गवंडी चुन्याला नावं ठेवतो.

आता तुमचे ‘दोन दिवस’. आपल्याकडचा काळा दगड पाणी फारसं सोडत नाही. पायातून चढलेली ओल बाहेर पडते ती दर्जांतूनच. त्या सिमेंटनं बुजवल्यात की ओल आतल्या विटामातीकडं वळते. तिथं लोणा (क्षार) लागतो, गिलावा फुगतो आणि भिंतीत रुतलेली तुळईची (लाकडी आडव्या खांबाची) टोकं कुजतात. बाहेरून भिंत नवीकोरी दिसते, हीच त्यातली फसवणूक. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी प्यायलेल्या वाड्यांना तर हे अजिबात सोसणार नाही. सिमेंट काढायला गेलात तर दगडाच्या कडाही उडतात, म्हणजे चूक सुधारायची सोयसुद्धा नाही.

परवडण्याचा हिशोब मूळ लेखातच आहे. वाचून लिहिलं असतंत तर बरं झालं असतं. पुस्तकांची रॅक तळमजल्यावर का, तेही तिथंच: राहत्या खोलीला चौरस मीटरला २०० किलो भार धरतात, पुस्तकांच्या कोठीला किमान ६००. गाड्यांचं म्हणाल, तर वाचनालयात पेठेतली पोरं चालत येतात.

पुढची प्रतिक्रिया लिहायच्या आधी सिमेंट भरलेल्या एखाद्या वाड्यात जा. तुळई भिंतीत शिरते तिथं पेचकस दाबून बघा. सहज आत गेला, तर किती गेला ते कळवा.