‘डोकं माझं, मर्जी माझी’ या फॉरवर्डला उत्तर

सध्या फिरत असलेल्या एका मजकुराचा सारांश असा: हेल्मेटची सक्ती म्हणजे शहाण्यासुरत्या माणसाला पाळण्यातलं बाळ समजणं. डोकं माझं, फुटलं तर माझं फुटेल, इतरांचं काय जातं? शिवाय हेल्मेटने मान मोडते, ते घातलं की माणूस बेफाम चालवतो, आणि आज हेल्मेट तर उद्या सरकार ताटात डोकावणार.

सरकारने खासगी आयुष्यात नाक खुपसू नये या मताचा मीही आहे. म्हणूनच हा मजकूर जास्त खटकला.

‘इतरांचं काय जातं?’ याचं उत्तर मला अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मिळालं. मावसभावाला आत ठेवलं होतं, हेल्मेट गाडीला अडकवलेलं होतं. वहिनी कागदांवर सह्या करत होती, प्रत्येक सहीआधी मला विचारायची, ‘यात काय लिहिलंय रे?’ आणि रोज संध्याकाळी एक माणूस येऊन व्हरांड्याच्या टोकाला उभा राहायचा, कुणाशी न बोलता परत जायचा. चौथ्या दिवशी कळलं, भाऊ ज्याच्या गाडीवर आदळला तो हा. चूक त्याची नव्हती. भावाने हेल्मेट घातलं असतं, तर त्याचंही ओझं कदाचित हलकं झालं असतं.

हा मुद्दा कोर्टातही जुना आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या हेल्मेट कायद्याला आव्हान दिलं गेलं, तेव्हा 1972 मध्ये न्यायालयाने साधारण असं म्हटलं: जखमी माणसाला रस्त्यावरून समाजच उचलतो, सरकारी दवाखान्यात नेतो, तो बरा झाला नाही तर पुढेही सांभाळतो, मग परिणाम त्याच्यापुरताच आहे असं कसं मानायचं? मिशिगन राज्याने 2012 मध्ये दुसरी वाट धरली. ज्याचं वय किमान 21 आहे, ज्याच्याकडे वैद्यकीय खर्चासाठी किमान 20,000 डॉलरचं विमा-संरक्षण आहे आणि ज्याचा मोटारसायकलचा परवाना किमान दोन वर्षं जुना आहे किंवा ज्याने सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे, त्याला हेल्मेटशिवाय चालवता येतं. मेंदूच्या गंभीर इजेत ही रक्कम किती पुरेल हा वेगळा प्रश्न. पण ‘माझं मी बघतो’ म्हणणाऱ्याने निदान एवढी तरी तयारी ठेवावी, हे मला प्रामाणिक वाटतं. आपल्या फॉरवर्डमध्ये विम्याचा ‘वि’सुद्धा नाही.

मानेचं थोडक्यात. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2008 च्या कॉक्रेन आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्के आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे 69 टक्के कमी दिसला. मानेबाबत ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नव्हता. म्हणजे ‘मान मोडते’ हे कुणीतरी ठोकून दिलेलं वाक्य आहे. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर स्वतः चेपला जाऊन धक्का पोटात घेतो आणि नंतर परत फुगत नाही. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट फेकून द्यायचं असतं.

बेफाम चालवण्याचा मुद्दा मात्र अगदीच हवेतला नाही. अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी 1975 मध्ये मोटारींच्या सुरक्षा नियमांबद्दल हाच तर्क मांडला: सुरक्षित वाटलं की माणूस धोका जास्त पत्करतो. पण हेल्मेटच्या बाबतीत तो पूर्ण खरा असता, तर सक्ती उठल्यावर लोक जपून चालवू लागले असते आणि मृत्यू घटले असते. फ्लोरिडाने 2000 मध्ये प्रौढांवरची सरसकट सक्ती काढली, त्यानंतर मृत्यू वाढले.

आता ‘उद्या ताटात डोकावतील’. अमेरिकेचाच इतिहास घ्या. 1966 च्या केंद्रीय कायद्याने राज्यांचा निधी हेल्मेट नियमाशी जोडला आणि 1975 पर्यंत 47 राज्यांत सक्ती आली. 1976 मध्ये संसदेने तो दट्ट्या काढला, आणि पुढच्या चारेक वर्षांत दोन डझनांहून जास्त राज्यांनी आपले नियम रद्द किंवा ढिले केले. ब्रिटनने तर त्याच 1976 मध्ये पगडी घालणाऱ्या शिखांना सूट दिली. आज हेल्मेट, उद्या ताट, अशी घसरगुंडी म्हणता ना? इथे माणसं चक्क वर चढलेली दिसतात.

एक गोष्ट कबूल करतो. 1859 मध्ये व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवारी इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने मोडकळीस आलेल्या पुलाचं उदाहरण दिलं. पूल पडणार हे नक्की असेल आणि सावध करायला वेळ नसेल, तर माणसाला धरून मागे ओढावं. नुसता धोका असेल, तर सांगून त्याच्यावर सोडावं. या मोजपट्टीने निर्जन रस्त्यावरचा, विमा असलेला, एकटा स्वार माझ्या युक्तिवादातून निसटतो. त्याला काय उत्तर द्यावं, मला अजून नीट सापडलेलं नाही.

सक्ती राबवताना मात्र भांडण्यासारखं पुष्कळ आहे. कॅमेऱ्याने टिपलेला चेहरा किती दिवस साठवतात, तो कोण पाहतं, दुसऱ्याच्या चुकीचा दंड आपल्या नावावर आला तर दाद कुठे मागायची, हप्ता घेऊन सोडणाऱ्याचं काय. मजकुराच्या शेवटी ‘खरे स्वातंत्र्यप्रेमी असाल तर पुढे पाठवा’ असं लिहिलंय. त्याच्या आधीच्या ओळींत यातला एकही प्रश्न नाही.