हाँगकाँगचा तो मेसेज फॉरवर्ड करू नका

"हाँगकाँग आयलंड, फक्त पासपोर्ट घ्या आणि निघा" असा एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. काल मामींनी मला पाठवला, खाली लिहिलंय 'तिकिटं काढतोय'. म्हणून लिहितोय.

"भारतीयांना काहीच करावं लागत नाही." 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही हे खरंय, तेवढं मान्य. पण 'काहीच' कुठून काढलं? जानेवारी 2017 पासून आपल्याला जायच्या आधी ऑनलाइन प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन करावंच लागतं, हाँगकाँगच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर स्पष्ट दिलंय, वाचा. फॉर्म फुकट आहे, मंजूर झाला की स्लिप ए-फोर कागदावर प्रिंट करायची, सहा महिने चालते, नाव पासपोर्टवर आहे तस्संच भरायचं. स्लिप नसेल तर एअरलाइनवाले मुंबईलाच काउंटरवर अडवतात, मग तिकीट, हॉटेल सगळे पैसे पाण्यात. आणि नामंजूर झालं तर व्हिसाच काढावा लागतो, म्हणून आधी रजिस्ट्रेशन आणि मग तिकीट. साठी ओलांडलेली माणसं हे वाचून निघणार आहेत, पाठवणाऱ्याला याचं काहीच वाटत नाही का?

"अबरडीनच्या तरंगत्या जम्बो रेस्टॉरंटमध्ये जेवा." अहो, ते 2020 लाच बंद पडलं! जून 2022 मध्ये टगबोटींनी ओढून नेताना दक्षिण चीन समुद्रात उलटलं, तेव्हा बातम्याही आल्या होत्या. आणि मेसेजच्या वर लिहिलंय 'यंदाची यादी'.

मेसेजमधले डिस्नेलँड आणि मोठ्या बुद्धाचा पुतळा या आयलंडवर नाहीतच, दोन्ही लांताऊ बेटावर आहेत, त्यांना वेगळा दिवस ठेवा.

"व्हिक्टोरिया पीक या डोंगरावर ट्रामशिवाय जाता येत नाही, व्ह्यूला तिकीट." पीक ट्राम 1888 ची आहे, एकदा बसावंच, आणि रांग मोठी असते हे मेसेजमधलं बरोबर आहे. पण सेंट्रलहून 15 नंबरची बस वर जाते, आणि तिकीट फक्त स्काय टेरेस या वरच्या गच्चीला आहे. शेजारच्या लुगार्ड रोडवर फुकट फिरा, रस्ता बराचसा सपाट, मामींच्या गुडघ्यांना झेपेल, झाडी मोकळी झाली की खाली अख्खं बंदर दिसतं.

"शाकाहारी जेवण मिळणं कठीण." हे थोडं खरंय, ऑयस्टर सॉस (कालवांचा असतो) नाही ना ते विचारून घ्या.

आणि बंदर ओलांडणाऱ्या स्टार फेरी बोटीचा साधा उल्लेख नाही! ती मूळ सुरू केली मुंबईच्या पारशी दोराबजी नवरोजींनी. 1904 पासून रस्त्यावर धावणारी ट्रामही गाळलीय, आता ती डबलडेकर आहे. तिच्यात मागून चढायचं, पुढून उतरताना पैसे टाकायचे, सुटे जवळ ठेवा, परत मिळत नाहीत.