मामाने बंद केलेल्या गोळ्या आणि ‘इम्युनिटी’चा तो मेसेज

परवा रात्री साडेदहाला मामीचा फोन आला. “ह्यांनी हार्टच्या गोळ्या बंद केल्यात. आठ दिवस झाले. मला आज कळलं.” मामाला चार महिन्यांपूर्वी अटॅक येऊन गेला, अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. गोळ्या का सोडल्या विचारलं तर म्हणाला, “ग्रुपवर आलंय ना सगळं. वाच की तू पण.”

लालबागच्या त्याच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आलेला तो मेसेज मला याच आठवड्यात शाळेच्या ग्रुपवर आला आणि ट्रेनमधल्या बायकांच्या ग्रुपवरही. थोडक्यात तो असा: कोलेस्टेरॉल हे थोतांड आहे. हृदयविकार म्हणजे रक्तवाहिन्यांची सूज, आणि ती येते इम्युनिटी कमी झाल्यामुळे. पांढऱ्या पेशी बळकट केल्या की त्या ब्लॉकेज खाऊन टाकतात. डॉक्टरांच्या गोळ्या पेशींचे रिसेप्टर बंद करतात, म्हणून शरीराला स्वतःला बरं करता येत नाही. तेव्हा गोळ्या थांबवा आणि लसूण, आलं, लिंबू, व्हिनेगरचा काढा २१ दिवस घ्या. खाली हात जोडलेले आणि ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’.

मी एकोणीस वर्षं रक्तपेढीत काम करते. रोज प्लेटलेटच्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींच्या, पिशव्या हाताळते. त्यामुळे रिसेप्टरचंच आधी बोलते, कारण माणूस मरू शकतो तो या वाक्यामुळे.

रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं एक प्रथिन. ठरावीक रेणू येऊन त्याला चिकटला की पेशीच्या आत निरोप जातो. प्लेटलेटवर पी-टू-वाय-ट्वेल्व्ह नावाचा असा एक रिसेप्टर असतो. रक्तवाहिनीला इजा झाली की तिथे एडीपी नावाचा रेणू सुटतो, तो या रिसेप्टरवर बसतो आणि प्लेटलेटला निरोप मिळतो: एकमेकींना चिकटा, गुठळी करा. बोट कापल्यावर रक्त थांबतं ते यामुळेही. पण स्टेंट ही धातूची जाळी. तिच्यावर रक्तवाहिनीचं स्वतःचं अस्तर नीट चढेपर्यंत प्लेटलेटच्या दृष्टीने ती जखमच. म्हणून क्लोपिडोग्रेल ही गोळी देतात. ते हा रिसेप्टर कायमचा बंद करतं. होय, बंद करतं. मेसेजमधला तेवढा शब्द खरा आहे आणि मामा चार महिने सुखरूप राहिला त्यात या बंद करण्याचा मोठा वाटा आहे.

आता आठ दिवसांचा हिशेब बघा. प्लेटलेटमध्ये केंद्रक नसतं, त्यामुळे बंद पडलेल्या रिसेप्टरच्या जागी तिला नवा तयार करता येत नाही. ती तशीच जगते आणि मरते. तिचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं. रोज नव्या प्लेटलेट येतात, म्हणून गोळी रोज. आठ दिवस गोळी चुकली की रक्तातल्या बहुतेक प्लेटलेट नव्या असतात, औषधाचा स्पर्शही न झालेल्या. आमच्याकडे प्लेटलेटच्या पिशव्या २० ते २४ अंशांवर, पाच दिवस, सतत हलणाऱ्या यंत्रावर ठेवाव्या लागतात. त्या स्वस्थ पडून राहिल्या की बिघडतात, गोळा होतात. ज्याने तो मेसेज लिहिला त्याने एकदा त्या यंत्रापुढे उभं राहून बघावं. स्टेंटमध्ये गुठळी होते तेव्हा ती हळूहळू वाढून इशारा देत बसत नाही. नळी एकदम बंद होते.

आणि ‘सगळ्या गोळ्या रिसेप्टर बंद करतात’ हे तर उलटंच आहे. स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी यकृताच्या पेशीत कोलेस्टेरॉल बनणं कमी करते, मग ती पेशी रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ओढून घेण्यासाठी जास्त रिसेप्टर बाहेर काढते. म्हणजे इथे वाढतात.

याच एलडीएल रिसेप्टरच्या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. काही मुलांना आई आणि वडील दोघांकडून या रिसेप्टरचं सदोष जनुक मिळतं. त्यांचं कोलेस्टेरॉल जन्मापासून प्रचंड असतं आणि उपचार न मिळाल्यास लहानपणीच हार्ट अटॅक येऊ शकतो. त्यांना ना तंबाखू, ना मधुमेह, ना नोकरीचा ताण. कोलेस्टेरॉल थोतांड असेल तर या मुलांना काय होतं, ते मेसेजवाल्याने त्यांच्या आयांना सांगावं.

आता ‘पांढऱ्या पेशी ब्लॉकेज खातात’. मामाला सगळ्यात पटलेलं वाक्य हेच. त्या खातात हे खरंय. गोची तिथेच आहे. एलडीएल रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून अडकतं, तिथे त्याच्यात बदल होतात, भिंतीच्या पेशी मदतीला हाका मारतात आणि रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी आत शिरून मॅक्रोफेज, म्हणजे गिळणाऱ्या पेशी, होतात. साध्या एलडीएल रिसेप्टरला ब्रेक असतो, पेशीचं पोट भरलं की ते कमी होतात. पण बदललेलं एलडीएल गिळणारे मॅक्रोफेजचे रिसेप्टर वेगळे, त्यांना असा ब्रेक नाही. पेशी खातच राहते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात फेसासारखे बुडबुडे दिसतात, म्हणून तिला फोम सेल म्हणतात. शेवटी ती तिथेच मरते आणि तिचा चिखल ब्लॉकेजच्या पोटात साठतो. ब्लॉकेज संपत नाही, त्यांच्यामुळेच फुगतं. वर या पेशी जी रसायनं सोडतात त्यांनी ब्लॉकेजवरचं आवरण पातळ होतं. ते फाटलं की त्यावर गुठळी, आणि तोच बहुतेकदा हार्ट अटॅक. या पेशींना आणखी ‘बळकट’ करून मामाचं काय भलं होणार होतं?

एक गोष्ट मान्य करायला हवी, मनात नसलं तरी. सूज महत्त्वाची आहे, हे बरोबर आहे. २०१७ साली कॅन्टोस नावाच्या चाचणीचे निकाल आले. आधी हार्ट अटॅक येऊन गेलेले आणि रक्तात सुजेची खूण, म्हणजे सीआरपी, वाढलेलीच राहिलेले १०,०६१ रुग्ण. कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनने इंटरल्युकिन-१ बीटा हा प्रतिकारपेशींचा एक निरोप अडवला. १५० मिलिग्रॅमचा डोस तीन महिन्यांनी एकदा घेणाऱ्यांमध्ये अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी कमी झाले, आणि एलडीएल खाली न येता. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा इथवरचंच कुठेतरी ऐकलं असावं.

पुढचं ऐका. फायदा झाला तो प्रतिकारशक्तीचा निरोप दाबून, वाढवून नाही. त्याची किंमतही मोजावी लागली, जीवघेणे जंतुसंसर्ग औषध घेणाऱ्यांत जास्त झाले. आणि यातले दहापैकी नऊ रुग्ण आधीपासून स्टॅटिन घेत होते. हे इंजेक्शन त्यावर जादा होतं, त्याऐवजी नव्हतं. पुढच्याच वर्षी मेथोट्रेक्सेटवरची चाचणी आली, तेही सूज कमी करणारं औषध, पण हृदयाला काहीच फायदा दिसला नाही. म्हणजे कोणता निरोप, कोणत्या पेशीचा, हे बघावं लागतं. ‘इम्युनिटी वाढवा’ या दोन शब्दांत यातलं काहीच मावत नाही.

काढ्याबद्दल फार लिहीत नाही. व्हिनेगर पोटात जातं, आणि पोटातलं आम्ल त्याहून कितीतरी तीव्र असतं. ब्लॉकेजमध्ये मेद, मेलेल्या पेशी, तंतू आणि कॅल्शियम असतं, ते मोरीच्या पाइपात थिजलेलं तूप नव्हे. जेवणातली लसूण खुशाल खा.

‘डॉक्टर कंपन्यांचे दलाल’ असं मामा म्हणतो, त्यामागचा त्याचा राग मला कळतो. स्टेंटच्या नावावर लोकांना लुटलं गेलंय, म्हणून तर फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारला किमतीवर मर्यादा घालावी लागली, औषधवाल्या स्टेंटला २९,६०० रुपये. पण क्लोपिडोग्रेलचं पेटंट केव्हाच संपलंय, जेनेरिक गोळी स्वस्तात मिळते. ती बंद करून कुठल्या कंपनीचं नुकसान झालं?

त्याच रात्री डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आधी एकच विचारलं, शेवटची गोळी कोणत्या तारखेला घेतली, आणि लगेच घेऊन या म्हणाले. गोळ्या पुन्हा कशा सुरू करायच्या ते त्यांनी ठरवलं, आम्ही नाही. तुमच्या घरात कोणी असं केलं असेल तर हा लेख पुरा होण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावा आणि तारीख सांगा. मामीला तारीख आठवेना. शेवटी ती भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली. ज्या दिवशी काढ्याची बाटली आली त्या दिवशी दुधाचा खाडा होता, त्यावरून तिने मोजलं. आता दुधाच्या खाड्याखालीच ती मामाच्या गोळीची खूण करते, रोज, त्याने तिच्यासमोर गिळल्यावर.