‘मशीन सगळं खातं’ म्हणे! गवत मारायच्या आधीच्या फॉरवर्डबद्दल

पाऊस ओसरायला लागला की आपल्या कोकणातल्या बागवाल्यांच्या ग्रुपवर तोच मेसेज परत फिरतो. ग्रासकटर घेतलाय ना, मग बेणणीच्या, म्हणजे गवत काढायच्या, आधी बागेतले दगड-काटक्या वेचण्यात मजुरी का घालवता, कार्बाइडचं पातं लावा, पुढे गार्ड (पात्यावरचं संरक्षक झाकण) आहेच, मशीन सगळं खातं आणि वर खत होतं. खाली शंभर अंगठे. लिहिणाऱ्याने कातळावरची बाग लांबून तरी बघितली असेल का, शंका आहे.

‘कार्बाइड दगडाला भीत नाही.’ कार्बाइड कडक असतं हे खरंय, पण तेवढंच ठिसूळ पण असतं. पात्याच्या कडेला त्याचे छोटे दात डाग देऊन बसवलेले असतात, दगडावर आपटला की दाताचा टवका उडतो नाहीतर अख्खा दातच सुटतो. आता हिशोब करा, 10 इंची पातं मिनिटाला 7000 फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या वर जातो, त्या वेगाने सुटलेला दात कुठे जाऊन बसेल ते तुम्हीच ठरवा. शिवाय एक-दोन दात गेले की पात्याचा तोल बिघडतो, मशीन थरथरतं, तासाभरात हाताला मुंग्या येतात आणि गिअर हेडचं (दांड्याच्या टोकाला पातं फिरवणाऱ्या डबीचं) बेअरिंग वाजायला लागतं. कोणी म्हणेल आपला जांभा दगड मऊच आहे की. खाणीतून ताजा काढलेला मऊ, बाहेर ऊन-पाऊस खाल्लेला नाही, आणि गडग्यावरनं (दगडी कुंपणावरनं) गवतात घरंगळलेला चिरा बहुतेक असा जुनाच असतो.

‘गार्ड आहे ना.’ गार्ड फक्त तुमचे पाय आणि पातं यांच्या मध्ये आहे हो, बाकी सगळी बाजू उघडी! मशीनच्या पुस्तकात 15 मीटरच्या आत कोणी नको असं लिहिलेलं असतं ते उगाच नाही. गम्मत बघत उभी राहिलेली पोरं, गेटाजवळ लावलेली गाडी, नाहीतर शेजारच्याच ओळीत मशीन मारणारा दुसरा गडी, खडा यांच्यातल्या कोणाला पण लागू शकतो. आणि झटक्याचं काय? पात्याची पुढची उजवी कड गवतात लपलेल्या खुंटाला लागली की मशीन उजवीकडे आणि मागे उसळतं, तिथे गार्ड काही करत नाही.

‘मग पात्याऐवजी नायलॉन वायर लावा, प्रश्न मिटला.’ अर्धाच मिटला. वायर खुंटावर उसळत नाही, पण खडे पात्याइतकेच जोरात उडवते, आणि लहान कलमाच्या बुंध्याला लागली तर साल सोलून काढते, सगळीकडून सोलली गेली की कलम गेलंच म्हणून समजा. त्यात कुंपणाला बांधलेल्या जुन्या जाळ्याचा तुकडा, सिमेंटच्या गोणीचा धागा, सुतळी असलं काही हेडमध्ये गुंडाळलं गेलं की ते आत आत सरकत जाऊन सीलला घासतं, ग्रीस बाहेर येतं आणि हेड तापतं. काटेरी तारेबद्दल तर बोलायलाच नको.

‘खत होतं.’ पातेऱ्याचं, म्हणजे सुक्या पानांचं, होतं, बरोबर, तो वेचायचाच नाही, आळ्यातच राहू दे. पण नारळाच्या झावळीचा जाड देठ मशीन खात नाही, पिशव्या आणि बाटल्या तर नाहीच. बारीक झालेली काच पुढच्या वर्षी कोणाच्या पायात जाणार?

‘उंच गवतात दिसतच नाही तर वेचणार काय?’ मेसेजमधला हा एकच मुद्दा दमदार आहे. कंबरेएवढ्या गवतात खरंच काही दिसत नाही. म्हणून गवत दोनदा मारायचं: आधी पातं जमिनीपासून फूटभर वर ठेवून वरचं उडवायचं, मग मशीन बंद करून काठी आपटत एक फेरी मारायची. बाग झाडून काढा असं कोणी म्हणत नाहीये, फक्त टणक वस्तू आणि गुंडाळी होणाऱ्या वस्तू, एवढंच बघायचं. हलवता येतो तो दगड गडग्यावर, हलत नाही त्याच्या शेजारी काठीला लाल फडकं बांधून खोचायचं, ठिबकची नळी झाडाच्या बुंध्याशी ओढून घ्यायची. आणि दगडाखाली हात घालू नका बाबांनो, आपल्या कातळावर फुरसं असतं, विषारी साप, मातकट रंगाचं, पातेऱ्यात बसलं की नजरेलाच येत नाही. फावड्याने उलटवा, पायात गमबूट असू दे.

‘दगड लागला तरी थांबू नका, पुढे चालू ठेवा.’ हे कोणी लिहिलं त्याला माझा साष्टांग नमस्कार. आवाज आला की एक्सिलेटर सोडा, इंजिन बंद करा, पातं पूर्ण थांबू दे, प्लगची टोपी काढा आणि मग पातं उलटसुलट करून बघा. मधल्या भोकापासून निघालेली केसासारखी चीर दिसली तर ते पातं भंगारात, वेल्डिंग करून परत लावायचं नाही. बदलताना नटाचे आटे बहुतेक मशीनला उलटे असतात, नेहमीच्या दिशेने जोर लावलात तर तो अजूनच आवळत जाईल.