वेटर मिळत नाहीत म्हणे

‘आजकालच्या पोरांना काम नकोच असतं, फुकटचं खायची सवय लागलीय.’ रविवारी रात्री हॉटेलबाहेर नाव नोंदवून ताटकळत उभं राहिलं की हे वाक्य कुणा ना कुणाच्या तोंडून निघतंच. आत चार टेबलं रिकामी दिसत असतात, त्यांवर खरकट्या ताटल्या तशाच पडलेल्या असतात आणि त्या उचलायला माणूस नसतो. गल्ल्यावरचा मालक हात जोडतो, ‘काय करणार, वेटर मिळत नाहीत.’ मग आपल्या मागे उभे असलेले काका अख्ख्या तरुण पिढीचा निकाल लावून मोकळे होतात.

काका, वेटर मिळत नाहीत हे खरंच आहे. ते का मिळत नाहीत हे कोरोनाच्या दोन वर्षांत आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलंय. तेव्हा आपलं लक्ष सॅनिटायझरच्या बाटलीकडे होतं, एवढंच.

मार्च 2020. 22 तारखेला जनता कर्फ्यू, 25 पासून देश बंद. आपलं ऑफिस बंद झालं म्हणजे आपण घरी बसलो. हॉटेलातल्या माणसाला घरी बसायची सोय नव्हती, कारण आपल्याकडे, विशेषतः उडुपी हॉटेलांत, कामगार जिथे काम करतो तिथेच राहतो आणि तिथेच जेवतो. दिवसभर भटारखान्यात, रात्री माळ्यावर, नाहीतर टेबलं सरकवून खाली अंथरूण. शटर पडलं तशी त्याची नोकरी, डोक्यावरचं छप्पर आणि दोन वेळचं जेवण एकाच दिवशी टांगणीला लागलं. महिना-दोन महिने पोरांना पदरमोड करून सांभाळणारे मालक मी पाहिलेत, त्यांना हात जोडते. पण गल्ल्यात रुपया येत नसताना पंधरा-वीस माणसांना डाळभात कुठवर घालणार? राज्य सरकारने त्या काळात शिवभोजन थाळी दहा रुपयांवरून पाचवर आणली होती. एरवी आपल्याला ‘और कुछ लाऊं?’ विचारणारी पोरं त्या रांगेत रुमाल बांधून उभी असायची.

1 मेपासून श्रमिक स्पेशल गाड्या सुरू झाल्या आणि पोरं गेली. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा. जाताना कुणाच्या हातात किती पगार पडला, हे आपल्यापैकी कुणी विचारलं नाही. आपण तेव्हा घरी पाणीपुरी करून फोटो टाकत होतो.

आमच्या डोंबिवलीतल्या नेहमीच्या हॉटेलचे अण्णा अर्धं शटर वर करून स्वतः पार्सलं बांधायला बसले. मेनूकार्ड एके काळी पंजाबी, चायनीज, पावभाजी धरून आठ पानांचं होतं. त्यातलं उरलं काय, तर इडली, मेदूवडा, उपमा, शिरा. डोसा नाही. उडुपी हॉटेलात डोसा नाही! मी विचारलं तर म्हणाले, ‘ताई, पीठ आहे, तवा आहे. मास्टर गावाला गेला.’

इडलीचं बरं असतं, साच्यात पीठ घातलं की पुढचं वाफ बघून घेते. डोशाचा तो भलामोठा लोखंडी तवा सगळीकडे सारखा तापत नाही. मास्टर त्यावर पाण्याचा हबका मारतो, खराट्याने तवा पुसतो, ‘चर्र’ आवाजावरून ताव ओळखतो आणि मग वाटीने मधून बाहेर एकेक फेरा देत ओळीने सहा डोसे घालतो. सहावा घालून होईतो पहिल्याच्या कडा सुटायला लागलेल्या असतात. अण्णांच्या मुलाने प्रयत्न करून पाहिला. मुलगा इंजिनियर, हुशार. त्याचे डोसे उलथन्याने खरवडून काढावे लागत. चार दिवसांनी अण्णांनी तव्याचा गॅस बंद केला तो दिवाळीपर्यंत. या मास्टरची गणना आपल्या बोलण्यात कशात होते? अकुशल कामगारात.

5 ऑक्टोबर 2020 ला राज्यात हॉटेलं बसून खाण्यासाठी उघडली, निम्म्या क्षमतेने. आपण धावलो. मीही गेले, आणि त्याचं मला काही वाटत नाही, सहा महिने स्वतःच्या हातचं खाऊन माणसाला दुसऱ्याच्या हातचं खावंसं वाटणारच. मला खटकलं ते वेगळंच. कपाळाला तापमापक लावायचं, टेबल दोनदा पुसून घ्यायचं, मेनूकार्डला हात लावायचा नाही, चमचे गरम पाण्यातून मागवायचे. सगळी काळजी आपल्यासाठी. मग काचा बंद, एसी सुरू, आपला मास्क खाली आणि दोन तास मोठमोठ्याने गप्पा. विषाणू हवेतून पसरतो असं तज्ज्ञ तोवर सांगायला लागले होते. चीनमधल्या ग्वांगझूच्या एका हॉटेलात 24 जानेवारी 2020 ला शेजारशेजारच्या तीन टेबलांवर जेवलेल्या तीन कुटुंबांतले दहा जण आजारी पडले होते, खोलीला खिडकी नव्हती आणि वर एसी चालू होता, ही बातमी आपल्या व्हॉट्सअपवर येऊन गेली होती. आपण त्या हवेत दोन तास होतो, वेटर दहा-बारा तास. वर त्याचाच मास्क नाकाखाली घसरला की आपण मालकाला हाक मारायचो. एकदा एक पोरगा शिंकला तर गिऱ्हाईक खुर्चीवरून उठून पळताना मी पाहिलंय, तो बिचारा ते अजून विसरलेला नसेल.

आणि हे सगळे जण कामावर यायचे कसे? लोकल तर अत्यावश्यक सेवेवाल्यांची. जे हॉटेलात राहत नव्हते, दिवा-कल्याणकडून मुंबईत जात होते, त्यांना गाडीत चढायची परवानगीच नव्हती. हॉटेल उघडायला सरकारची हरकत नव्हती, तिथल्या माणसाला गाडीत घ्यायला होती. 1 फेब्रुवारी 2021 ला लोकल सगळ्यांना खुली झाली ती ठराविक वेळांत, आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेने तेही गेलं. हॉटेलं पुन्हा पार्सलवर. जी पोरं हिवाळ्यात गावाहून परत आली होती, ती पुन्हा गेली. एकदा गेलेला माणूस परत येतो. दोनदा गेला की तो गावातच काहीतरी बघायला लागतो.

मग आली चार वाजेपर्यंतची सवलत. जूनअखेरीस राज्यभर तोच नियम, दुपारी चारपर्यंत हॉटेल आणि शनिवार-रविवार फक्त पार्सल. डोंबिवलीत दुपारी चारला हॉटेलात कोण जातं हो? इथलं गिऱ्हाईक सात वाजता स्टेशनातून बाहेर पडतं. धंदा रात्रीचा, परवानगी दुपारची. भाडं मात्र चोवीस तासांचं.

यापुढचा भाग मला सगळ्यात कमाल वाटतो आणि तो कुणी बोलत नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून रात्री दहापर्यंत हॉटेल उघडं ठेवायला मुभा मिळाली, अट अशी की कामगारांचे लशीचे दोन्ही डोस झालेले हवेत आणि दुसऱ्या डोसनंतर 14 दिवस उलटलेले हवेत. अट चुकीची नव्हती, सुरक्षिततेसाठी योग्यच होती. पण हिशोब करून बघा. 45 च्या वरच्यांना लस 1 एप्रिलपासून मिळत होती. 18 ते 44 साठी 1 मेपासून जाहीर झाली, आणि साठा नाही म्हणून आपल्या राज्याला ती मध्येच थांबवावी लागली. केंद्राने सगळ्या प्रौढांना मोफत द्यायला सुरुवात केली 21 जूनला. कोविशील्डच्या दोन डोसमध्ये तेव्हा 84 दिवसांचं अंतर. म्हणजे 21 जूनला, अगदी पहिल्या दिवशी रांगेत उभं राहून लस घेतलेल्या बावीस वर्षांच्या वेटरचा दुसरा डोस 13 सप्टेंबरला. त्यावर 14 दिवस, म्हणजे 27 सप्टेंबर. आणि हॉटेल उघडलं 15 ऑगस्टला! वेटर म्हणजे बहुतेक विशी-पंचविशीचीच पोरं. नियमाप्रमाणे चालायचं तर दीड महिना हॉटेल चालवायचं कुणी?

अण्णांकडे ते कुणी चालवलं, मला ठाऊक आहे. अण्णा स्वतः, त्यांचा पन्नाशीचा कॅप्टन, म्हणजे वेटरांचा मुख्य, आणि गल्ल्यावरचे म्हातारे मामा. मामांना गुडघ्याचा त्रास. ते सांबाराची बादली घेऊन टेबलाटेबलाशी फिरत होते आणि एक बाई ‘किती वेळ लावता’ म्हणून त्यांच्यावर करवादल्या. मी त्या बाईंना जे बोलले ते इथे लिहीत नाही.

पुढचं भराभर सांगते. ऑक्टोबरात वेळ वाढली, जानेवारी 2022 मध्ये ओमिक्रॉनने पुन्हा निम्मी क्षमता, आणि 2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याला, सगळे निर्बंध उठले. आपण म्हटलं, झालं एकदाचं सगळं पूर्ववत. गिऱ्हाईक पूर्ववत झालं. कामगार झाला नाही.

का होईल? मधल्या दोन वर्षांत त्या पोराने काय काय पाहिलं याचा विचार करा. झोमॅटो-स्विगीची बॅग पाठीला लावून फिरणारा त्याचा गाववाला उन्हापावसात मरमर करतो, पेट्रोलचं रडतो, अपघाताची भीती वेगळीच. पण त्याला रात्री झोपायला माळा नाही, खोली आहे. त्याला ‘ए छोटू’ म्हणून कुणी हाक मारत नाही. नको त्या दिवशी तो ॲप बंद करू शकतो. तिकडे गोदामात, सिक्युरिटीत, कुठल्या कुठल्या मॉलमध्ये आठ-नऊ तासांत सुटणारी कामं आहेत. आणि हॉटेलात? सकाळी सहाला चहा-नाश्ता सुरू, दुपारी तीनला जरा पाठ टेकायची, पाचला पुन्हा उभं राहायचं ते रात्री साडेअकरापर्यंत. महाराष्ट्रात 2017 साली दुकाने आणि आस्थापनांचा नवा कायदा आला, त्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याला 48 तास, साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट मोबदला असं सगळं छान लिहिलेलं होतं. आपण जातो त्यातल्या किती हॉटेलांत ते पाळलं जातं, हे कॅप्टनला हळूच विचारून बघा.

त्यामुळे मालक म्हणतो ‘माणसं मिळत नाहीत’, तेव्हा त्यात ‘या पगारात, इतके तास, या माळ्यावर’ एवढं आपण मनातल्या मनात जोडून घ्यायचं.

आता मालक म्हणेल, पगार वाढवायचा कुठून? तेही खोटं नाही. देशातल्या रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटनेच्या, म्हणजे एनआरएआयच्या, अहवालात 2020-21 या वर्षात या धंद्याची उलाढाल निम्म्याहून अधिक घटल्याचं आणि सुमारे एक चतुर्थांश हॉटेलं कायमची बंद पडल्याचं म्हटलं होतं. जी तगली ती कर्ज काढून तगली. बिलावरचा 5 टक्के जीएसटी आपल्याला दिसतो, पण हॉटेलवाला भाड्यावर आणि सामानावर जो कर भरतो त्याची वजावट या 5 टक्क्यांत त्याला मिळत नाही, हे आपल्याला दिसत नाही. आणि मसाला डोसा दहा रुपयांनी वाढला की आपण काय करतो? ‘लूट चालवलीय’ म्हणतो. याच आपण मॉलमध्ये साडेतीनशेची कॉफी निमूट पितो.

अण्णांनी मेनू परत आठ पानांचा केला नाही. दोन पानं आहेत, पंजाबी बंद, चायनीज बंद. मला तर आवडलं. चार माणसांच्या भटारखान्यात दीडशे पदार्थ होतातच कसे, याचा मला आधीपासून संशय होता! सकाळी सेल्फ सर्व्हिस, कुपन घ्या, काउंटरवरून ताटली उचला. आमच्या सोसायटीतले आजोबा यावर नाराज आहेत, कारण थरथरत्या हाताने सांबाराची वाटी टेबलापर्यंत पोचत नाही. त्यांच्यापुरतं कुणीतरी उठून आणून देतं. बहुतेक वेळा गिऱ्हाइकातलंच कुणीतरी.

एक गोष्ट मात्र कोरोनाने नेली ती परत आलीच नाही, ती म्हणजे टीप. पूर्वी नऊशे तीसचं बिल झालं की लोक बडीशेपेच्या ताटलीत हजाराचा हिशोब ठेवून उठायचे. नोटांना हात लावायची भीती बसली, टेबलावर क्यूआर आला, आणि आता नऊशे तीस म्हणजे नऊशे तीसच, तेही थेट मालकाच्या खात्यात. 2022 च्या जुलैमध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हॉटेलांनी बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावू नये अशा सूचना काढल्या, तेव्हा लोकांनी आनंदाने पोस्टी टाकल्या. तो चार्ज कामगारांपर्यंत पोचतच नसेल तर काढलेलाच बरा, माझंही तेच मत. पण तो वाचलेला पैसा टेबलावर ठेवून उठलेलं माणूस मी तरी फारसं पाहिलं नाही. मी हल्ली पर्समध्ये पन्नासाच्या सुट्या नोटा ठेवते. बिल स्कॅन, टीप हातात.

कॅप्टनला मी हे मोठ्या तोंडाने सांगितलं तर तो हसला. म्हणाला, ‘ताई, भांडी घासणाऱ्याला पूर्वीपण टीप मिळत नव्हती. त्याला काय क्यूआर आणि काय नोट.’ ते मात्र खरं. अण्णांनी आता गल्ल्यावर एक डबा ठेवलाय, त्यातलं शनिवारी सगळ्यांत सारखं वाटतात, आतल्या माणसांसकट. तरी भांडी घासायला माणूस टिकत नाहीये. ओळखीत कुणी असेल तर इनबॉक्समध्ये कळवा, मी अण्णांपर्यंत पोचवते. राहायला माळा नाही, मागच्या गल्लीत खोली घेतलीय, आणि सोमवारी हॉटेल बंद असतं.